आळंदीची शाळा आणि मधुकरीची झोळी

आपल्या दिंडीला शंभर वर्षं पुरी झाली. या ग्रंथात वीणेकऱ्यांची परंपरा येईल, मुक्कामांची यादी येईल, अन्नदात्यांची नावं येतील. आम्हाला मंडळींनी शाळेचा विषय दिला. आमचं शिक्षण चौथीपर्यंत, तेही अर्धं ढोरांमागं झालेलं. तरी विषय घेतला. कारण आपल्या दिंडीतली चाल, अभंगांचा क्रम आणि अर्थाची शिस्त ही एका शाळेतून आपल्यापर्यंत आलेली आहे. ती शाळा म्हणजे आळंदीची वारकरी शिक्षण संस्था. आम्ही तिथं राहून शिकलो नाही. तिथं शिकून आलेल्या एका महाराजांनी वावरातलं काम आटोपल्यावर रात्री कंदिलाच्या उजेडात आम्हाला पाठ दिला. म्हणून ती शाळा आमचं गुरुघर. ती कशी निघाली, तिथं काय शिकवत, कशासाठी शिकवत आणि ती कोणाच्या आधारावर टिकली, हे दिंडीतल्या नव्या पोरांना माहीत असावं, एवढ्यासाठी हा लेख.

दिंडी हीच पहिली शाळा

वारकऱ्याची पहिली शाळा दिंडीच. टाळकरी दोन बाजूंनी उभे, मधी वीणेकरी, जवळ मृदंग. बुढ्या टाळकऱ्याच्या बाजूला आठ-दहा वर्षांचं पोट्टं उभं करायचं. बुढ्यानं म्हणायचं, पोरानं मागून म्हणायचं. पंढरपूर येईस्तोवर हरिपाठ तोंडपाठ. अंगठा उठवणारी, पण शे-दोनशे अभंग पोटात असलेली माणसं आम्ही डोळ्यानं पाहिली आहेत. आपली दिंडी निघाली तो काळच तसा होता. १९११ च्या शिरगणतीत हिंदुस्थानात शंभर माणसांत सहाच जणांना लिहिता-वाचता येत होतं. त्या सहांत आपल्या वऱ्हाडातले कपाशी पेरणारे कुणबी, माळी, धनगर, बलुतेदार किती असतील याचा विचार आपणच करावा. आणि बायाबापड्यांचं तं नावच नको.

पाठांतर मोठी गोष्ट आहे, पण त्यात एक अडचण असते. एक शब्द कानाला चुकीचा लागला, की तो पुढच्या तीन पिढ्या चुकीचाच चालतो. नाथ महाराजांनाही हीच अडचण दिसली. माउलींनी शके १२१२ मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली. पुढच्या तीनशे वर्षांत नकला करता करता तिच्यात चुकीचे पाठ शिरले. नाथांनी शके १५०६ मध्ये बसून ती शुद्ध केली. तुकोबारायांची गाथा १८६९ साली मुंबईला सरकारच्या मदतीनं छापून निघाली. ग्रंथ छापले गेले, पेटीत आले, त्यांना हळद-कुंकू लागलं. पण उघडून वाचणार कोण? वाचलं तरी अर्थ सांगणार कोण? पाण्यानं भरलेली विहीर आहे, पण मोट नाही, अशी गत.

जोग महाराज

ही मोट बसवली विष्णू नरसिंह जोग यांनी. त्यांना आपण जोग महाराज म्हणतो. जन्म १८६७ साली पुण्याचा. तरुणपणी तालमीचा नाद, शरीर कमावलेलं. लग्न केलं नाही. पुढं सगळं आयुष्य वारी, कीर्तन आणि ग्रंथांच्या अभ्यासाला दिलं. तुकोबांची गाथा त्यांनी अर्थासह छापली. माउलींच्या अमृतानुभवावरही अर्थ लिहिला. साध्या माणसाला कळलं पाहिजे, हा त्यांचा ध्यास.

महाराजांनी गावोगाव पाहिलं, की कीर्तन करणारे पुष्कळ, पण अभ्यास करून उभे राहणारे थोडे. कोणी पोटासाठी करतो, कोणी गळा गोड म्हणून करतो. ऐकणारा शेतकरी दिवसभर औत हाकून आलेला असतो. त्याच्यापुढं उभं राहायचं तं जे सांगायचं ते स्वतःला कळलेलं पाहिजे, आणि जे कळलं ते अंगात उतरलेलं पाहिजे. म्हणून त्यांनी १९१७ च्या गुढीपाडव्याला आळंदीत वारकरी शिक्षण संस्था सुरू केली. पाडवा म्हणजे शेतकऱ्याचं नवं साल. त्या दिवशी सालदाराचं सालही बदलते.

त्या वेळची आळंदी म्हणजे इंद्रायणीकाठचं लहानसं गाव. एकादशीला आणि कार्तिकीला भरायचं, एरवी शांत. तिकडं युरोपात पहिलं महायुद्ध चालू होतं. दुसऱ्याच वर्षी, १९१८ ला, इन्फ्लुएन्झाची साथ आली आणि देशभर घरंच्या घरं रिकामी झाली. आमचे बुढे लोक त्या वर्षाची गोष्ट सांगताना आवाज खाली करत. अशा दिवसांत मोजक्या पोरांना घेऊन ही शाळा चालू राहिली.

काय शिकवत आणि कशासाठी

अभ्यास चार वर्षांचा. गीता, ज्ञानेश्वरी, अमृतानुभव, तुकोबांची गाथा हे मुख्य ग्रंथ. सोबत संस्कृताची ओळख आणि वेदांतातला विचारसागर. गायन, मृदंग, भजनाच्या चाली. पहाटे काकडा, संध्याकाळी हरिपाठ. आणि पोरांनी स्वतः उभं राहून कीर्तन करायचं. चुकलं तं बाकीच्यांनी सांगायचं.

आमच्या महाराजांनी आम्हाला त्या शिक्षणाचं सार तीन बोटांवर सांगितलं होतं. पहिलं पाठांतर, दुसरा अर्थ, तिसरं आचरण. पाठांतर झालं आणि अर्थ नाही, तं तो पोपट. अर्थ कळला आणि आचरण नाही, तं तो वकील. तिन्ही जमले तं माणूस. पाठ देताना ते पुढची ओवी लवकर देत नसत. आधी विचारत, कालच्या ओवीतलं आज काय केलं? आम्ही गप्प बसलो तं तीच ओवी परत घ्यायला लावत. एका ओवीवर आमचा पंधरवडा गेलेला आहे. तेव्हा राग यायचा. आज कीर्तनाला उभं राहिलं, की त्याच ओव्या आधी धावून येतात.

म्हणाल, महाराज, चार वर्षं शिकून पोराला मिळत काय होतं? नोकरी? पगार? तसं काही नाही. शिकून गावी परत जायचं, वावर करायचं आणि गावाला शहाणं करायचं, हे ध्येय. कीर्तन हा धंदा नव्हे. जिथं कीर्तन करायचं तिथं मोबदल्याची आशा ठेवू नये, असं तुकोबारायांचं सांगणं आहे, आणि जोग महाराजांचा आग्रह त्याच सांगण्यावर होता. शिकलेल्या माणसानं गाव सोडून जावं ही आजची रीत आहे. त्या शाळेची रीत उलटी होती. शिकला म्हणून त्यानं गावात परत यावं. आपल्या दिंडीला जे मिळालं ते अशा परत आलेल्या माणसांमुळं मिळालं.

मधुकरी

आता आमच्या लेखातली मुख्य गोष्ट. या पोरांना जेवू कोण घालत होतं?

फी नव्हती. खानावळ नव्हती. दुपारी पोरं झोळी घेऊन आळंदीत निघायची आणि घरोघर मधुकरी मागायची. मधुकर म्हणजे भुंगा. भुंगा या फुलातून थोडं, त्या फुलातून थोडं घेतो. फुलाला तोशीस पडत नाही आणि भुंग्याचं पोट भरते. तशी एका घरची अर्धी भाकर, दुसऱ्या घरचं कालवण, तिसऱ्या घरचा मूठभर भात. एका घरावर भार नाही. आणि पोराच्या अंगात मोठेपणा राहत नाही. ज्याच्या दारात दुपारी झोळी पसरली, त्याच्यापुढं रात्री कीर्तनात छाती काढून कसं बोलणार?

याच आळंदीत माउली आणि त्यांच्या भावंडांना संन्याशाची पोरं म्हणून लोकांनी वाळीत टाकलं होतं, त्यांना भिक्षाही सुखानं मिळू दिली नाही, असं आपण परंपरेनं ऐकत आलो. त्याच गावानं पुढं शेतकऱ्याच्या, कष्टकऱ्याच्या पोरांना शिकण्यासाठी दारात भाकर दिली. गाव असं बदलू शकते. कीर्तनात आम्ही हा दृष्टांत नेहमी देतो, कारण आपली गावंही कधीकधी लेकराला त्याच्या मायबापावरून मोजतात.

मधुकरीतून आम्हाला इतिहास असा दिसतो, की त्या शाळेत मास्तर महाराज होते, पण शाळा चालवणारं गाव होतं. ज्या माउलीनं रोज एक भाकर जास्तीची थापली, तिचं नाव कोणत्या पाटीवर नाही. पण ती त्या शाळेची खरी देणगीदार.

महाराज गेले, शाळा राहिली

शाळा सुरू होऊन तीन वर्षं होत नाहीत तोच, १९२० साली जोग महाराज वैकुंठवासी झाले. अशा वेळी पुष्कळ संस्था मोडतात. कर्ता गेला की घर फुटते, तसं. ही मोडली नाही. महाराजांच्या शिष्यांनी ती खांद्यावर घेतली. मराठवाड्यातले बंकटस्वामी त्यांपैकीच. गावोगावच्या अखंड हरिनाम सप्ताहांना त्यांनी बळ दिलं. दुसरे सोनोपंत दांडेकर, ज्यांना आपण मामासाहेब म्हणतो. ते पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयाचे प्राचार्य, तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. एवढा शिकलेला माणूस, पण गळ्यात तुळशीची माळ आणि खांद्यावर पताका. त्यांनी सिद्ध केलेली सार्थ ज्ञानेश्वरी आज आपल्या कितीतरी घरांत आहे. १९६८ साली मामासाहेब गेले. आमचा जन्म त्याच्या थोडा आधीचा. आम्ही त्यांना पाहिलं नाही, पण त्यांच्या ज्ञानेश्वरीवर बोट ठेवून आम्ही वाचायला शिकलो.

२०१७ साली त्या संस्थेला शंभर वर्षं झाली. तिथून शिकून गेलेले कीर्तनकार आज महाराष्ट्रभर आहेत. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात, घाटावर आणि घाटाखाली, सप्ताहाचं निमंत्रण हातात घेतलं तं एक-दोन कीर्तनकार तरी आळंदीत शिकलेले निघतात.

इथं एक गोष्ट मायबापांनी ध्यानात घ्यावी. आळंदीत आता पोरं ठेवून घेणाऱ्या लहानमोठ्या खासगी संस्था पुष्कळ झाल्या आहेत. काही चांगल्या आहेत, सगळ्या सारख्या नाहीत. लेकरू पाठवायचं असलं तं आधी स्वतः जावं. झोपायची जागा, जेवण, किती पोरांमागं किती माणसं, सोबत शाळेचं शिक्षण चालू राहते की नाही, हे डोळ्यानं पाहावं. पोराला भेटायला अचानक जावं आणि त्याला एकट्याला विचारावं. माळ घातलेला प्रत्येक जण संत नसतो. आणि शाळेचं शिक्षण सोडवून पोराला कीर्तनकार करू नये. जोग महाराजांनी अभ्यास वाढवायला शाळा काढली होती.

आपल्या मुलखात

आपल्या वऱ्हाडात विद्या आणि अन्न यांची जोडी नवी नाही. शेगावच्या गजानन महाराज संस्थानानं गावोगावच्या भजनी मंडळांना टाळ, मृदंग, वीणा आणि ग्रंथ दिले, आणि १९८३ साली इंजिनिअरिंगचं कॉलेजही काढलं. मेहकर तालुक्यात हिवरा आश्रमला शुकदास महाराजांनी १९६५ साली विवेकानंद आश्रम उभा केला. तिथं शाळा-कॉलेजं चालतात आणि विवेकानंद जयंतीच्या उत्सवात पुरी-वांग्याच्या भाजीच्या पंगती बसतात. लाखो माणसं एका ओळीत जेवतात, ट्रॅक्टरमधून वाढप होते. अमरावतीकडचे गाडगेबाबा तं स्वतः निरक्षर. पण त्यांचं कीर्तन एकाच गोष्टीवर येऊन थांबायचं. ताट नसलं तं हातावर भाकर घेऊन खा, पण पोराला शाळेत घाला. पंढरपूरला त्यांनी चोखामेळा धर्मशाळा बांधली आणि पुढं ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. वारकऱ्यांच्या निवाऱ्याची जागा शिकणाऱ्या पोरांच्या कामी आली.

आणि वारी पाहा. मुक्ताईची पालखी कोथळीहून निघते, मलकापूर, मोताळा करत राजूरचा घाट चढते, बुलढाणा, चिखली, देऊळगाव राजा करत जालन्याकडं जाते. आपल्या जिल्ह्यातली गावं तिला जेवू घालतात. कोणी बट्ट्या-वरण करते, कोणी भाकर-पिठलं, कोणी नुसतं पाणी पाजते. महिनाभराची वाट हजारो माणसं खिशात पैसा नसताना चालतात. ही मधुकरीच आहे. फरक एवढाच, की तिथं पोरं दारात जायची, इथं दार रस्त्यावर येते.

आपल्या गावची शाळा

आता गावातल्या शाळेकडं येऊ. पूर्वी आपल्याकडं प्राथमिक शाळा जनपद सभेकडं होत्या. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा झाल्या आणि शाळा त्यांच्याकडं आल्या. आमचे बुढे लोक मरेपर्यंत ‘जनपदची शाळा’च म्हणत. बालभारती १९६७ साली निघाली आणि महाराष्ट्रभर तिची पुस्तकं गेली. त्याच सुमाराला आम्ही पाटी घेऊन शाळेत गेलो. कौलारू खोली, एकच मास्तर, चार वर्ग. पाऊस आला की चौथीचे पोरं पहिलीत. त्या खोलीत आम्हाला अक्षर मिळालं. ते नसतं तं रात्रीचा पाठ नुसता कानावर राहिला असता, ग्रंथ उघडता आला नसता. आळंदीची शाळा आमच्यापर्यंत पोचली, ती या कौलारू शाळेच्या दारातून.

आज त्या शाळेची इमारत पक्की आहे. १९९५ पासून पोषण आहाराचं धान्य आलं, पुढं शाळेतच खिचडी शिजू लागली. शिक्षण हक्काचा कायदा २०१० पासून लागू झाला. लहान पोरांना घराजवळ शाळा मिळाली पाहिजे असं तो सांगतो. पण पट घसरत चालला. ज्यांची ऐपत आहे त्यांची लेकरं पिवळ्या गाडीत बसून तालुक्याला जातात. ज्यांची नाही ते दिवाळी झाली की ऊसतोडीला, वीटभट्टीवर जातात आणि लेकरं सोबत नेतात. २०२३ साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचा विचार सरकारनं पुढं आणला, तेव्हा गावोगाव काळजी सुरू झाली. गावातली शाळा गेली तं सहा वर्षांची पोरगी रोज दुसऱ्या गावाला कशी जाईल? तिची शाळा सुटेल. पोराला सायकल मिळेल, पोरीला चूल मिळेल. मुक्ताई, जनाबाई, बहिणाबाई यांचं नाव घेणाऱ्या गावात असं व्हावं का?

शताब्दीची शिल्लक कशी खर्चावी यावर मंडळींत चर्चा चालू आहे. कोणी म्हणते वेशीवर कमान बांधू. कमान चांगलीच दिसेल, आमचा तिला विरोध नाही. पण आमची हात जोडून विनंती अशी, की आधी मधुकरीची झोळी गावच्या शाळेसाठी बांधावी.

तिचं रूप असं. जी घरं कामाला बाहेर जातात, त्यांचं लेकरू आजीजवळ किंवा शेजारी गावात ठेवायचं आणि त्याचं जेवण आठ घरांनी वार लावून वाटून घ्यायचं. सरकारची हंगामी वसतिगृहाची योजना आहे, ती मिळत असली तं तिच्यासाठी ग्रामसभेत ठराव करायचा. जिथं मिळत नाही तिथं ही झोळी. दुसरं, दर एकादशीला हार-नारळाऐवजी एक वही, एक पेन्सिल देवापुढं ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी गुरुजींच्या हाती द्यायची. तिसरं, संध्याकाळी हरिपाठाच्या आधी तासभर मंदिराच्या सभामंडपात लेकरांनी आपलं शाळेचं पुस्तक मोठ्यानं वाचायचं आणि दिंडीतल्या एका शिकलेल्या माणसानं जवळ बसून ऐकायचं. ज्याला सभामंडपात यायचं नसेल त्याच्यासाठी शाळेच्या ओट्यावर बसायचं. शाळा सगळ्या जातीधर्मांच्या लेकरांची आहे, तिथं कीर्तन लावा असं आम्ही म्हणत नाही. वाचायला शिकवा एवढंच म्हणतो. वाचता आलं की पुढं ते लेकरू गाथा वाचेल, कायदा वाचेल, सातबारा वाचेल, बँकेचा कागद वाचेल. अंगठा देऊन वावर गेलेली घरं आपल्याच गावात आहेत.

खर्चाचा हिशोब केला तं कमानीच्या पैशाचा थोडा वाटा पुरेल. भाकरी तं घरचीच आहे.

आमच्या महाराजांनी आमच्याकडून कधी पैसा घेतला नाही. एकदा आम्ही तुरीची पायली घेऊन गेलो. ते म्हणाले, ही परत ने, आणि याच्या बदल्यात दोन पोरांना हरिपाठ शिकव. आम्ही शिकवला. त्यातला एक आज दिंडीचा मृदंग वाजवतो, एक जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी आहे. त्या दोघांनी या झोळीचं काम पाहायचं कबूल केलं आहे. येत्या एकादशीला काकड्यानंतर मंदिरात बसू. ज्यांना वार लावायचा आहे त्यांनी घरातल्या माउलीला विचारून यावं, कारण भाकर तिलाच थापायची आहे.

रामकृष्ण हरी!